गोव्याचा विमानतळ: मोपा की दाबोळी? आणि उतरल्यावर घरी कसे पोचता? अनुभव लिहा

चवथीला पुण्याहून मेव्हणा, त्याची बायको आणि सासूबाई येतायत. तिकीट मोपाचं, उतरणार रात्री पावणेअकराला, आम्ही पणजीत, आणि माझी गाडी नेमकी गॅरेजमध्ये. जानेवारी 2023 मध्ये मोपा सुरू होईपर्यंत एअरपोर्ट म्हटलं की दाबोळी, विषय संपला. आता कोण येतंय म्हटलं की पहिला प्रश्न "खंय?" गोव्यात ओला-उबर नाही हे बाहेरच्यांना पटतच नाही, मेव्हणा दरवेळी बेल्टपाशी बॅगेची वाट बघत अ‍ॅप उघडतो आणि मग मला फोन करतो. तर तुम्ही कसे येता-जाता ते सांगा, दोन्हीकडचं चालेल. स्वतःचं घडलेलं लिहा हं, नुसते सल्ले नकोत.

• • •

मी म्हापशाचा, बेंगळुरूला नोकरी, दीड-दोन महिन्यांनी घरी येतो. मोपाला कदंबची, म्हणजे आमच्या सरकारी एसटीची, इलेक्ट्रिक बस असते, पणजी, मडगाव, म्हापसा, कळंगुटकडे जाते, एसी आहे आणि टॅक्सीच्या मानाने पैसे फारच कमी. मागच्या वेळी कोणाची तरी चाकांची बॅग धारगळच्या उतारावर सुटली ती मधल्या जागेतून थेट पुढे, कंडक्टरने तिकीट देता देता पायानेच अडवली, मान वरसुद्धा केली नाही. फक्त ही बस विमानासाठी थांबत नाही, फ्लाइट अर्धा तास लेट झाली की पुढच्या बसची वाट बघत बसायचं. एकट्याला ठीक आहे. सासूबाईंना रात्री अकराला असं बसवाल तर चवथ कशी जाईल ते तुमचं तुम्ही बघा.

• • •

माझं ऐका, हसू नका. राहायला वास्कोला, दाबोळी चार-पाच किलोमीटर, जन्म गेला तिथून विमानं बघण्यात. मुलीने मुंबईचं तिकीट काढून दिलं, सकाळी सातचं. मी पाचला दाबोळीच्या गेटवर. तिथल्या जवानाने मोबाइल घेतला, बघितला, काही बोलला नाही, नुसतं तीन अक्षरांवर बोट ठेवून माझ्यासमोर धरला. जीओएक्स. म्हणजे मोपा. दाबोळीचं जीओआय असतं हे त्या दिवशी कळलं. मध्ये साठेक किलोमीटर, झुआरी, मांडवी, कोलवाळ असे तीन पूल. टॅक्सी केली, पर्वरीत उजाडलं, विमान गेलं ते गेलंच. घरी येऊन मुलीला काही बोलले नाही, तिने गोवा बघूनच काढलं होतं ना.

• • •

दाबोळीहून सामान कमी असेल तर मी टॅक्सी बघतच नाही. बाहेर रस्त्यावर यायचं, बस पकडून वास्को स्टँड, तिथून पणजीची कदंबची शटल. शटलचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं, मग बसायचं, मध्ये कुठे थांबत नाही. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला रखडणं गेलं. रात्री मात्र हे जमत नाही.

• • •

वास्कोच्या ताई, तुमच्यासारखंच आमच्या शेजाऱ्यांचं झालंय, उलट दिशेने.

माझा अनुभव टॅक्सीचा आणि वाईट. रात्री दीडला उतरलो, बायको, दोन वर्षांची मुलगी झोपलेली खांद्यावर. एकजण म्हणाला काउंटरला लाइन आहे, इकडे या, आणि आम्ही गेलो. भाडं ठरलं ते ठरलं, पर्वरी ओलांडल्यावर "नाइटचे वेगळे" सुरू झालं. मुलगी उठेल म्हणून भांडलोसुद्धा नाही, दिले. तेव्हापासून एकतर काउंटरवरची पावती नाहीतर गोवा माइल्स, म्हणजे इथलं टॅक्सीचं अ‍ॅप. पावती हातात असली की कोणी काही बोलत नाही.

• • •

पायलट कोणी लिहिलं नाही! मोटरसायकल टॅक्सीवाला पायलट हो, पुढचं मडगार्ड पिवळं असतं तो. चिखलीला घर, दाबोळीवरून सॅक पाठीला लावून मागे बसते, दहा मिनिटांत दारात. एकदा भलीमोठी ट्रॉली बॅग होती, त्याने ती पुढे टाकीवर आडवी घेतली आणि हनुवटी तिच्यावर टेकवून गाडी चालवली. आईला अजून सांगितलेलं नाही.

• • •

मी पेडण्याचा, टॅक्सी चालवतो, मोपालाच. सगळे आम्हाला शिव्या घालतात म्हणून लिहितोय. विमानतळाला जमिनी आमच्या तालुक्याच्या गेल्या, काजूच्या बागा गेल्या, हातात स्टिअरिंग आलं. पणजीला सोडून येताना गाडी बहुतेक वेळा रिकामी, ते डिझेल कोण देणार? रात्री दीडला नडणारे आहेत, नाही म्हणत नाही, त्यांच्यामुळे आम्हीही बदनाम. पण चार तास लाइनीत उभं राहून म्हापशाचं भाडं मिळतं तेव्हा कसं वाटतं ते एकदा बघा.

• • •

वाचलं सगळं. बस बाद. मेव्हण्याला सांगितलं की तिकिटावरची तीन अक्षरं वाच, तो म्हणतो जीओएक्सच आहे, फोटोही पाठवला. पेडण्याच्या दादांनो, पणजीला येणार का?

• • •

येतो की. माणसं तीन, बॅगा किती ते सांगा. आणि चवथीच्या आदली रात्र असेल तर आत्ताच सांगा, त्या दिवशी मी आठला गाडी बंद करून घरी गणपतीवरची माटोळी बांधायला जातो, भावाला पाठवावं लागेल.