मदत हवी आहे: शनिवारी भरीत पार्टी आणि बोर्ड गेम, सात जण

ताई-दादांनो, जळगावात राहतो, शनिवारी मित्रमंडळी जेवायला आणि बोर्ड गेम खेळायला येतेय. भरीत तर ठरलंच, हिरवी भरताची वांगी गच्चीवर पऱ्हाट्यांवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) भाजणार कारण गॅसवर ती चव येतच नाही, सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, पण पुऱ्या गरमच पाहिजे मग तळणारा खेळातून बाहेर राहतो, आणि ते मला अजिबात नको. आधी करून ठेवलेल्या कळण्याच्या भाकरी चालतील का?

कॅटन या बोर्ड गेमच्या साध्या सेटमध्ये चारच जण बसतात म्हणून कोडनेम्स (एका शब्दाच्या इशाऱ्यावरून कार्डांवरचे शब्द ओळखायचा खेळ) ठरवलंय, दोन टीम होतात, पण कार्डं इंग्लिश आणि दोघांना मराठीतच मजा येते. मराठी कार्डं घरी बनवलीत का कोणी? एका डावाला २५ शब्द लागतात, दोन-तीन अर्थ निघणारे असले तर भारी, जसं पान, कर, वर. अजून सुचवा ना.