पोटातले जिवाणू आणि दम: यवतेश्वर घाटासाठी कॅप्सूल घ्यावी की दही?

घाटवाट (सातारा)
सातारा हिल हाफ मॅरेथॉनला दहा आठवडे आहेत. आठवड्यातून चार दिवस पळणं, त्यात एक दिवस यवतेश्वर घाट. आहार शाकाहारी: सकाळी पोहे किंवा उपीट, दोन वेळा चपाती-भाजी-भात, दिवसभरात अर्धा लिटर दूध. आठ-नऊ किलोमीटरनंतर पोटात गुडगुड आणि उताराला कळ, हा नेहमीचा त्रास. मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिक (जिवंत उपयोगी जिवाणूंची) कॅप्सूल सुचवली आहे, धावपटूंच्या पोटातल्या जिवाणूंनी स्टॅमिना वाढतो म्हणे. यात तथ्य किती? प्रमाण आणि वेळेसकट सांगा, नुसतं 'सकस खा' नको.

आहारशास्त्र_मिरज
स्टॅमिनाची ती बातमी वेलोनेला नावाच्या जिवाणूची. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन मॅरेथॉन पळलेल्यांच्या आतड्यात शर्यतीनंतर तो वाढलेला दिसला. उंदरांना दिल्यावर ते ट्रेडमिलवर 13 टक्के जास्त वेळ पळाले. स्नायूंत तयार झालेलं लॅक्टेट रक्तातून आतड्यात येतं, वेलोनेला ते खातो आणि त्याचं प्रोपिओनेट करतो, म्हणजे शरीराला इंधन म्हणून वापरता येणारं एक आम्ल. कारण पटण्यासारखं आहे, पण पळाले ते उंदीर. शिवाय हा जिवाणू दह्यात नसतो आणि मेडिकलमधल्या नेहमीच्या कॅप्सुलीतही नसतो.

माणसांत जे दिसलंय ते उलट्या बाजूनं: व्यायामानं जिवाणू बदलतात. इलिनॉय विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात बैठ्या लोकांना आहार न बदलता सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, 30 ते 60 मिनिटं व्यायाम दिला. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले, सडपातळ लोकांत जास्त. पुढचे सहा आठवडे व्यायाम बंद ठेवल्यावर फरक बराचसा पुसला गेला. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन, आणि जिवाणू ते बनवतात आपल्याला न पचलेल्या तंतूंपासून (फायबर). तुमच्या ताटात तंतूच कमी आहेत आणि तेही त्याच त्या धान्यातून.

दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू धरा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम असतात. पहिल्या आठवड्यात रात्रीच्या चपातीऐवजी भाकरी, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड अर्धी वाटी मोडाची मटकी. तिसऱ्यात कच्चा कांदा आणि एखादं हिरवट केळं. एकदम सगळं सुरू केलंत तर पोट ढोलासारखं फुगेल, आणि मग दोष भाकरीला मिळेल. फार वायू झाला तर मागच्या आठवड्याच्या प्रमाणावर या, बंद करू नका. पाणी वाढवायचं, नाहीतर तंतूंनीच शौचाला खडा होतो.

विरजण
आधी दूध तपासा. आठ-दहा दिवस दूध पूर्ण बंद, त्याऐवजी दही किंवा ताक. गुडगुड थांबली तर लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही हे बहुधा कारण. दही लागताना त्यातलं काही लॅक्टोज जिवाणू वापरतात, म्हणून ते सोसतं.

दही घरीच लावा. उकळलेलं दूध करंगळीला सोसेल इतकं कोमट (40 ते 45 अंश), अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण, नीट ढवळून झाकायचं आणि मग भांड्याला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरतात. पावसाळ्यातल्या गारठ्यात दहा तासही लागतात, तेव्हा भांडं पिठाच्या डब्यात ठेवा. दूध फार गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि दही लागतच नाही. फार गार असेल तर भलतेच जिवाणू वाढतात, दह्याला तार सुटते. ते दही पुढच्या विरजणाला वापरू नका.

कढी उकळली की जिवंत जिवाणू संपले. आंबलीचंही तेच: पीठ आंबवलं तरी आपण ते शिजवतो. म्हणून ताक आंबील निवल्यावर घाला. आणि रोज वाटीभर खा, कारण दह्यातले जिवाणू आतड्यात घर करत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात.

घाटवाट (सातारा)
म्हणजे कॅप्सूल सोडूनच देऊ? आणि भाकरी-मटकी शर्यतीपर्यंत चालू ठेवायची का?

चढउतार_कोच
नाही! शर्यतीआधी दोन दिवस उलटं करायचं. भाकरी, उसळ, कच्चा कांदा बंद. मऊ भात, पातळ मूगडाळ, बटाटा. पळताना आतड्याचं रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे वळतं. आत तंतूंचा साठा असेल तर तो तसाच आंबत बसतो, आणि उताराच्या हादऱ्यांनी कळ येते. तुमची आत्ताची कळही लांब पळण्याच्या आदल्या रात्री काय खाल्लं यावर ताडून बघा.

पळण्याआधी अडीच-तीन तास खाऊन घ्या. पळताना तासाला साधारण 30 ग्रॅम कर्बोदकं. एनर्जी जेल (पळताना घ्यायची साखरेची दाट पुडी) घेतलंत तर साध्या पाण्याबरोबर, गोड ड्रिंकबरोबर नाही. साखर दाट झाली की आतडं पाणी ओढून घेतं आणि जुलाब होतात. हे आधी चार-पाच लांब पळण्यांत करून बघा, पोटालाही सराव लागतो. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेऊन पळणारे फार. त्यानं आतड्याच्या अस्तराला इजा होते, वर घाटातली धाव.

कॅप्सुलीबद्दल: आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या 2018 च्या निवेदनात प्रोबायोटिकला मध्यम आधार आहे तो खेळाडूंच्या सर्दी-पडशासाठी, रोज सुमारे एक हजार कोटी जिवंत जिवाणू या प्रमाणात. दमासाठी घेऊ नका. पाकिटावर जिवाणूच्या स्ट्रेनचं (नेमक्या उपप्रकाराचं) पूर्ण नाव नसेल तर तसंही पैसे पाण्यात.

तालीम_सांगली
पैलवानांनीही हे वाचावं. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण असा खुराक आणि भाजीच्या नावानं शून्य. न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात पोचली की जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो. तालमीत सरावावेळी येणारा वास त्याचाच. खुराक कमी करायला कोण सांगतंय? त्याच्या जोडीला भाकरी आणि मेथीची पेंडी येऊ द्या.

आहारशास्त्र_मिरज
एक राहिलं. शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर दही-भाकरीचे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर. अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर नंतर आपणहून प्रोबायोटिक सुरू करू नका. इस्रायलमधल्या 2018 च्या अभ्यासात त्यानं मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला.