मदत हवी आहे : लॅटिन जॅझमध्ये सम कुठे धरायची?
रविवारी गंगापूर रोडला आमच्या घरी क्युबाचे पियानोवादक चुचो वाल्देस आणि सॅक्सोफोनवादक पाकितो दरिवेरा यांचा २०२२ चा अल्बम लावला होता. दोघेही १९७३ मध्ये सुरू झालेल्या इराकेरे या क्युबन बँडमधले, आता सत्तरीपार. पियानो असला धावतो की बाबांचा चहा गार झाला! मावशी मात्र म्हणाली, "सगळे एकदम काय बोलताहेत?"

मी तबला शिकते, त्यामुळे हात आपोआप सोळा मात्रांचा तीनताल धरतो आणि पहिली मात्रा, म्हणजे सम, शोधतो. क्लावेचे (या संगीताचा पायाभूत ठेका) पाच ठोके सोळा मात्रांत १, ४, ७, ११, १३ वर पडतात, 'खाली'च्या (जिथे टाळी देत नाहीत) नवव्या मात्रेवर काहीच नाही (तिथेच माझी गडबड). आणि ३-२ (आधी तीन ठोके, मग दोन) ऐवजी २-३ आलं की मी पार हरवते.

कानाने हे ओळखायचं कसं? नाशिकमध्ये कोंगा (हाताने वाजवायचा उंच क्युबन ढोल) वाजवणारं कुणी आहे का? व्हिडिओ पाहून झालेत, समोर बसून शिकायचंय.