विषय: महिला दिन अंक, अमेरिकन टीव्ही पत्रकार बार्बरा वॉल्टर्सवरचा लेख

नमस्कार मंडळी,

लेखाचा कच्चा खर्डा सोबत जोडला आहे. १९७६ मधला एबीसी या टीव्ही वाहिनीचा वर्षाला दहा लाख डॉलरचा करार, 'द व्ह्यू' हा तिचा गप्पांचा कार्यक्रम, १९९९ ची, क्लिंटन प्रकरणातल्या मोनिका लेविन्स्कीची मुलाखत, सगळं आलं आहे. नागपूरच्या काकूंनी एकदा नजर टाकावी, ही विनंती.

– संपादन समिती

---

अरे, लेख वाचला. मेहनत दिसते, पण सुरुवात दहा लाखांपासून नको. आकडा वाचला की लोक तिथंच अडकतात. तिची खरी लढाई त्याआधीची, एनबीसी वाहिनीच्या 'टुडे' या सकाळच्या कार्यक्रमातली.

१९६१ मध्ये ती तिथं लेखनाच्या कामावर लागली. बाईनं कॅमेऱ्यासमोर यायचं ते फॅशन, हवामान असलं हलकंफुलकं सांगायला, असा तो काळ. १९७१ मध्ये फ्रँक मॅगी सूत्रधार झाला आणि त्यानं वरिष्ठांकडून नियमच करून घेतला: स्टुडिओत वजनदार पाहुणा आला की पहिले तीन प्रश्न त्याचे, बार्बरानं बोलायचं ते चौथ्याला!

पण नियम स्टुडिओपुरता होता. मग ती बाहेर पडली. स्वतः पत्रं लिहायची, फोन करायची, मुलाखती मिळवायची. पाहुणा तिनं गाठलेला, मग पहिला प्रश्नही तिचाच. पुढं मोठमोठे राष्ट्रप्रमुख तिच्यासमोर बसले, त्याची मुळं इथं आहेत. शिवाय करारात तिनं एक कलम घालून घेतलं: मॅगीनं कार्यक्रम सोडला तर सहसूत्रधारपद तिला. १९७४ मध्ये मॅगी कर्करोगानं गेला आणि एनबीसीला ते कलम पाळावं लागलं. हे लेखात हवंच हवं.

मी एवढा आग्रह का धरते, सांगते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला इथं विधान भवनाबाहेर ये. मंत्री गाडीतून उतरला की बूम घेऊन नुसती रेटारेटी. माझ्या विद्यार्थिनी त्यात असतात. पुढं उभा असलेला दांडगा रिपोर्टर दोन प्रश्न विचारून घेतो, तोवर मंत्री आत. त्यांना मी बार्बराच्या कार्डांबद्दल सांगते. छोट्या कार्डांवर ती ढीगभर प्रश्न लिहायची, मग क्रम लावत, गाळत बसायची. आमची एक पोट्टी आता आदल्या संध्याकाळीच मंत्र्यांच्या मुक्कामाच्या रविभवनात जाऊन मंत्र्याची वेळ मागते, आणि तिला ती मिळतेही. फार बरं वाटतं रे.

एक दुरुस्ती. अभिनेत्री कॅथरीन हेपबर्नला 'तुम्ही कोणतं झाड?' असं बार्बरानं आपल्या मनानं विचारलं नव्हतं. १९८१ च्या त्या मुलाखतीत आपण झाडासारख्या झालोय असं हेपबर्नच आधी म्हणाल्या, म्हणून तो प्रश्न आला. जन्मभर लोकांनी तिला त्यावरून चिडवलं. आपण तरी ते करू नये.

– काकू, धरमपेठ

---

काकू, फार छान. सुरुवात बदलतो. एबीसीच्या बातम्यांतला तिचा सहसूत्रधार हॅरी रीझनर, त्याचा परिच्छेद ठेवू की काढू? जागा कमी पडतेय.

---

दोन ओळींत आटप. शेजारी बाई बसलेली त्याला खपली नाही, पडद्यावरही ते दिसायचं, आणि १९७८ मध्ये तो सीबीएस वाहिनीला परत गेला. ती मात्र पुढं २००४ पर्यंत एबीसीच्या '२०/२०' या कार्यक्रमात होती. दहा लाखांपैकी निम्मेच बातम्यांसाठी होते, बाकीचे खास मुलाखतींच्या कार्यक्रमांसाठी, तेही तिथंच घाल.

तरी जागा पुरली नाही तर लेविन्स्की काप, सादात-बेगिन कापू नको. इजिप्तचा अध्यक्ष आणि इस्रायलचा पंतप्रधान, नोव्हेंबर १९७७ मध्ये जेरुसलेमला दोघांना एकत्र बसवून घेतलेली पहिली मुलाखत तिची आहे.