जुन्या हत्यारांवरचा गंज : तुम्ही तो कसा काढलात?

आजोबांची हत्यारांची लाकडी पेटी बऱ्याच वर्षांनी उघडली. आत तीन पटाश्या, एक रंधा, हातकरवत, पक्कड आणि दोन कानशी होत्या आणि त्या सगळ्यांवर गंज चढला होता. पटाशीवरून बोट फिरवले की विटकरी भुकटी बोटाला लागत होती, मात्र तेलात भिजवलेल्या चिंधीने जोर लावून पुसल्यावर खालचे पोलाद करडे आणि सपाट दिसले, तेव्हा हा गंज वरवरचा आहे आणि हत्यारे वाचवता येतील, अशी खात्री पटली. गंजाचे आकारमान तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे दिसायला भयंकर वाटणाऱ्या थराखाली झालेले नुकसान पुष्कळदा अगदी थोडे असते.

अशी हत्यारे ज्यांनी स्वतः साफ केली आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. कोणती पद्धत वापरली, द्रावण किती तीव्र होते, हत्यार किती तास बुडवले, बाहेर काढल्यावर काय लावले आणि कुठे चुकले, एवढे तपशील दिल्यास माझ्यासारख्या नवख्यांना त्यांचा थेट उपयोग होईल. चुकांबद्दल आवर्जून लिहावे.

*

मी सुतारकाम करतो आणि जुन्या पटाश्या मिळतील तिथून घेऊन वापरात आणतो. माझा अनुभव असा की, वरवरच्या गंजासाठी बहुतेक वेळा कोणतेही रसायन लागत नाही. हत्यारावर शिलाई मशीनचे तेल टाकावे, अर्धा तास मुरू द्यावे आणि अगदी बारीक, म्हणजे ०००० क्रमांकाच्या स्टील वूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासावे. तेल तपकिरी चिखलासारखे झाले की पुसून पुन्हा नवे तेल घ्यावे. तीन-चार फेऱ्यांत तांबडा रंग जातो आणि खाली काळपट-करडी छटा उरते. ती तशीच राहू द्यावी. हा काळा थर तांबड्या गंजासारखा सुटत नाही, हाताला लागत नाही आणि तेलाचा पातळ हात धरून ठेवतो. पोलाद आरशासारखे चकाकवण्याच्या हट्टापायी लोक चांगले लोखंडही घासून टाकतात आणि पात्याच्या रेखीव कडा गोल करून बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

पटाशीची पाठ मात्र वेगळी. धारेलगतचा दोन-तीन सेंटीमीटरचा भाग पूर्ण सपाट आणि खड्डेविरहित असावाच लागतो, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ आणि त्या रेघेवर गंजाचा खड्डा आला की तिथे धार तुटक होते. जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवून मी २२०, ४००, ६०० आणि १००० या क्रमाने (आकडा जितका मोठा तितका कागद बारीक) पाठ घासतो. मुठीच्या बाजूला राहिलेल्या खड्ड्यांना हात लावत नाही. ते कामात कुठेच आड येत नाहीत.

*

व्हिनेगरबद्दल मी लिहिते, कारण माझी मोठी चूक त्यातच झाली. पक्कड आणि नट-बोल्टचे दोन पाने साध्या, सुमारे ५ टक्के ॲसेटिक आम्ल असलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले आणि गावाला जाण्याच्या गडबडीत ते तसेच राहिले. चौथ्या दिवशी बाहेर काढले तेव्हा गंज गेला होता, पण त्याबरोबर पकडीच्या जबड्यातील बारीक दातेही बोथट झाले होते आणि सगळा पृष्ठभाग खडूसारखा निस्तेज आणि खरखरीत झाला होता. आम्लाला गंज संपला हे कळत नाही. गंज संपला की ते लोखंडाकडे वळते.

आता मी संध्याकाळी बुडवते आणि सकाळी काढते, आणि मधे एकदा बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासून पाहते. बाहेर काढल्यावर एक लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा विरघळवून त्यात हत्यार काही मिनिटे ठेवते, म्हणजे खाचाखोचांत उरलेले आम्ल निकामी होते. पुढची पायरी सगळ्यात घाईची असते. आम्लातून निघालेले पोलाद अगदी उघडे असते आणि ओले राहिल्यास पाहता पाहता नारिंगी होते. एकदा पाना धुऊन ओट्यावर ठेवला आणि फोन घ्यायला गेले. परत येईपर्यंत पाण्याचा थेंब जिथे जिथे थांबला होता, तिथे तिथे नाण्याएवढे केशरी डाग उठले होते. तेव्हापासून कोरडे फडके, केस वाळवण्याचे यंत्र आणि तेलाची बाटली या तीन गोष्टी हाताशी ठेवल्याशिवाय मी हत्यार धुवायला घेत नाही.

*

व्हिनेगरऐवजी सायट्रिक आम्लाची पूड वापरून पाहावी. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पूड मला पुरते, वास येत नाही आणि दोन ते चार तासांत काम होते. सोडा, वाळवणे आणि तेल हे सगळे वर सांगितल्याप्रमाणेच. एक सूचना करतो : जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू कोणत्याही आम्लात टाकू नयेत, मुलामा विरघळून जातो. पितळी भाग आधी सुटे करावेत. माझ्या एका काटकोन्याची पितळी पट्टी आम्लात गुलाबी झाली, कारण वरच्या थरातील जस्त निघून गेले आणि तांबे उघडे पडले. ती पुन्हा पिवळी करायला बरेच घासावे लागले.

*

मी निवृत्त विद्युत तंत्रज्ञ आहे आणि गेली कित्येक वर्षे विद्युत अपघटनाने गंज काढतो. ही पद्धत मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यात निरोगी लोखंड जवळजवळ अजिबात खाल्ले जात नाही. हत्यार चार तासांऐवजी चुकून दहा तास राहिले तरी बिघडत नाही. मात्र ती जितकी गुणी तितकीच नियम पाळायला लावणारी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्लास्टिकची बादली घ्यावी, धातूची नको. प्रत्येक लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर चालतो. नव्या स्वयंचलित चार्जरपैकी काही मात्र समोर बॅटरी नसेल तर सुरूच होत नाहीत. चार्जरची ऋण तार हत्याराला आणि धन तार एखाद्या जुन्या लोखंडी पट्टीला जोडावी. ही जोडणी उलटी झाली तर हत्यारच झिजू लागेल, म्हणून वीज सुरू करण्यापूर्वी मी तारा दोनदा तपासतो. पट्टी आणि हत्यार एकमेकांना चिकटू देऊ नये. वीज सुरू झाली की हत्याराच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांची चादर वर येऊ लागते आणि तासाभरात पाण्यावर तपकिरी फेस साठतो. परिणाम मुख्यतः पट्टीसमोर असलेल्या बाजूवर होतो, त्यामुळे मी हत्यार मधे वळवतो किंवा दोन बाजूंना दोन पट्ट्या लावतो. बाहेर काढल्यावर हत्यारावर काजळीसारखा काळा गाळ दिसतो. तो नळाखाली ब्रशने निघून जातो.

आता धोक्याच्या गोष्टी. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, कारण त्यातील क्रोमियम विषारी स्वरूपात पाण्यात उतरू शकते आणि ते पाणी मग कुठेही टाकण्याच्या लायकीचे राहत नाही. सोड्याच्या जागी मीठ घालू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे हे काम उघड्या हवेत, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावे आणि चिमटे काढण्यापूर्वी चार्जर बंद करावा. ॲल्युमिनियमचे भाग आधी काढून ठेवावेत, कारण सोड्याचे पाणी ते खाते.

*

वरच्या माहितीत एक भर घालते. आम्लाची क्रिया असो वा विद्युत अपघटन, दोन्हींत पोलादाच्या अंगाशी हायड्रोजन तयार होतो आणि फार कडक केलेल्या पोलादात तो शिरला तर ते ठिसूळ होऊ शकते. म्हणून स्प्रिंगा आणि करवतीची पाती मी कशातच बुडवून ठेवत नाही.

करवतीसाठी माझी रीत घासण्याचीच आहे. मूठ काढून पाते सपाट फळीवर ठेवते, जुने धारदार ब्लेड जवळजवळ आडवे धरून गंजाचे पापुद्रे खरवडते आणि मग लाकडी ठोकळ्याला ३२० चा काचकागद गुंडाळून थोड्या तेलासह पात्याच्या लांबीत घासते. ठोकळा आवश्यक आहे, कारण नुसत्या बोटांनी घासले की दाब एकसारखा पडत नाही आणि पात्यावर लाटा उमटतात. जुन्या करवतींवर बनवणाऱ्याची मुद्रा आम्लाने कोरलेली असते आणि ती केसाएवढीही खोल नसते. माझ्या पहिल्या करवतीवर अशी मुद्रा आहे हे मला ती अर्धी पुसली गेल्यावर समजले. आता पात्याच्या मधल्या भागावर मी आधी तेल आणि ६०० चा कागद अगदी हलक्या हाताने फिरवते, आणि काळसर पार्श्वभूमीवर एखादे अक्षर दिसू लागले की तिथेच थांबते.

*

घाईचा परिणाम सांगतो. रंध्याच्या पात्यावरचा गंज काढायला मी ड्रिलला तारेचे चाक लावले. गंज भराभर उडाला, पण धारेजवळ मी एकाच जागी रेंगाळलो आणि तिथे आधी गवती पिवळा, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढला. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग दिसला, याचा अर्थ ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले आणि त्याचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला. त्या पात्याची धार दहा-बारा फटक्यांतच बसू लागली. निळा भाग संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर, पाते मागे घासावे लागले, तेव्हा कुठे ते सुधारले. शिवाय त्या चाकाच्या तारा तुटून उडतात. माझ्या बाहीत दोन घुसल्या होत्या. डोळ्यांना चष्मा होता म्हणून निभावले.

*

व्हर्नियर कॅलिपर, मायक्रोमीटर आणि काटकोने यांच्या मापाच्या कडांवर काचकागद किंवा स्टील वूल कृपया लावू नका. तेल, मऊ कापड आणि भरपूर वेळ. एवढ्याने डाग गेला नाही तर डाग राहू द्यावा. माप बिघडले तर ते हत्यार कशाच्याच कामाचे उरत नाही.

*

गंज गेल्यानंतरचे माझ्याकडून. तुमची पेटी लाकडी आहे, म्हणून विशेष लिहावेसे वाटले. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर राहिली की गंज वेग धरतो आणि हाताच्या घामातील क्षार त्याला मदत करतात. साफ केलेल्या पात्यावर काही आठवड्यांनी अंगठ्याचा ठसा तांबूस होऊन उमटलेला मी पाहिला आहे. काम झाल्यावर मी हत्यार पुसतो आणि खनिज तेलाचा इतका पातळ हात देतो की बोट ठेवल्यास ओले वाटू नये. स्वयंपाकाचे तेल लावू नये, ते हवेत घट्ट होऊन चिकट पिवळा थर बनतो. फार दिवस न लागणाऱ्या हत्यारांना मेण चांगले. डब्ल्यूडी-४० अनेक जण संरक्षणासाठी म्हणून फवारतात, पण त्याच्या नावातील अक्षरेच पाणी हटवण्याबद्दल आहेत आणि धुतल्यावर ओल बाहेर काढायला ते उत्तमही आहे; त्याचा उरणारा थर मात्र पातळ असतो, त्यामुळे त्यावर मी पुन्हा तेल देतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. चामड्याच्या म्यानात पटाशी कायमची ठेवू नये, चामडे ओल धरते.

लाकडी मुठींना जवसाचे तेल लावणार असाल तर एक गोष्ट अत्यंत गंभीरपणे घ्यावी : त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

*

धागा सुरू करणारा मी पुन्हा लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार. पटाश्या तेल आणि स्टील वूलने झाल्या. सर्वांत रुंद पटाशीवर, मुठीच्या अगदी खाली, गंजाच्या थरातून तीन ठिपके आणि एक आडवी रेघ वर आली. त्या आजोबांनी छिन्नीने मारलेल्या खुणा आहेत, असे आईने पाहताक्षणी सांगितले. दुसऱ्यांच्या हत्यारांत आपली ओळखू यावीत म्हणून ते अशी खूण करत. त्या जागी मी आणखी घासले नाही.

पक्कड सायट्रिक आम्लात तीन तास ठेवली, सोड्यातून काढली, वाळवली आणि बिजागरीत तेल सोडल्यावर ती एका हाताने उघडू-मिटू लागली. रंध्याच्या पात्याच्या पाठीवर धारेपासून एक मिलिमीटरवर एक खोल खड्डा आहे, त्यामुळे तेवढे पाते मागे घासायचे आहे. कानशी तारेच्या ब्रशने दात्यांच्या दिशेने साफ केल्या. एक चांगली निघाली, दुसरीचे दाते गंजाने खाल्ले आहेत. करवतीला अजून हात लावलेला नाही. पात्यावर तिरपा प्रकाश टाकला की मधोमध गोलाकार काहीतरी पुसटसे दिसते आहे, म्हणून ६०० चा कागद आणून ठेवला आहे आणि रविवारी दिवसाच्या उजेडात सुरुवात करणार आहे.