नोकरी गेली, दोन कार्डांचं बिल थकलंय, वसुलीवाले बहिणीच्या घरी फोन करतायत

चाकणकर_३८

नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होतो. दिवाळीनंतर ऑर्डरी घटल्या आणि आमची अख्खी शिफ्ट कमी केली. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून २,८५,००० थकलेत, एकावर दोन लाख आणि दुसऱ्यावर ८५,०००. बराचसा खर्च आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचा. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत होतो, आता तेही जमेना.

मला पैसे बुडवायचे नाहीत. पण सकाळी सातलाच फोन सुरू होतात. काल साताऱ्याला ताईकडे फोन गेला, "तुमचा मेव्हणा पळून गेला का?" असं दाजींना विचारलं. दाजी काही बोलले नाहीत, ताई मात्र रडली. परवा एक जण सोसायटीच्या गेटवर येऊन वॉचमनसमोर माझं नाव आणि रक्कम मोठमोठ्याने सांगत होता. व्हॉट्सॲपवर 'लोकअदालत नोटीस' आलीय, खाली लिहिलंय अटक होईल. खरंच होते का? मित्र म्हणतो ॲपवरून लोन घे आणि मिटव. की पीएफ काढू?

वसुलीखाते_निवृत्त

दादा, मी सरकारी बँकेत वसुलीच्याच टेबलावर होतो. कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला आहे. निव्वळ त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. मात्र एजंटला चेक लिहून देऊ नका. चेक परत गेला की चेक न वटण्याचं कलम १३८ लागतं, आणि तो फौजदारी मामला. खात्याला ऑटो डेबिट लावलं असेल तर तेही बघा, पैसे नसताना ते परत गेलं तरी तशीच तरतूद आहे.

ॲपच्या लोनला हात लावू नका. मी कळवळून सांगतोय. बँकेच्या देण्याला निदान रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. भलत्याच ॲपच्या हातात तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो गेले की पुढचं विचारू नका.

मिनिमम ड्यूने का फिटत नाही ते बघा. दोन लाखांवर महिना साडेतीन टक्के म्हणजे ७,००० व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, १,२६०. तुम्ही १०,००० भरलेत तर मुद्दल कमी झालं जेमतेम १,७४०. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून कार्डावर दूध-किराणासुद्धा घेऊ नका. व्याज कोर्ट कमी करेल या आशेवरही राहू नका. वर्षाला ३० टक्क्यांची जी मर्यादा ग्राहक आयोगाने घातली होती ती सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

बँकेला आपणहून मेल करा: नोकरी गेली, सोबत कंपनीचं पत्र, दरमहा इतके भरू शकतो, बाकीचे हप्ते पाडून द्या. जमेल तेवढाच आकडा लिहा.

रेवती_पिंपरी

आमच्याकडे ह्यांची नोकरी गेली तेव्हा मी एक वही केली. कोणाचा फोन, किती वाजता, कोणता नंबर, काय बोलला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणं, घरच्यांना, मित्रांना त्रास देणं हेही चालत नाही. गेटवरचा प्रकार सरळ त्यात बसतो. वॉचमनकाकांना तारीख-वेळ लिहून सही करायला सांगा. आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं पत्र मागा.

ही नोंद जोडून बँकेच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा फोन नंबर १४४४८. आमच्याकडे पहिल्या तक्रारीनंतरच सासूबाईंना येणारे फोन थांबले.

सेटलमेंटची, म्हणजे कमी रकमेत खातं मिटवण्याची, घाई करू नका. सिबिलवर 'सेटल्ड' असं राहतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तेच आडवं येतं. करायचीच वेळ आली तर बँकेचं पत्र हातात आल्यावरच पैसे, तेही कार्डाच्या खात्यात. एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही. नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्या.

कोर्टकचेरी

लोकअदालतीत दोघांच्या संमतीनेच तडजोड होते, तिथे अटक वगैरे काही नसतं. मात्र तडजोडीवर सही केली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी, अपील नाही. नोटीस खरी आहे का ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, पुण्यात शिवाजीनगर कोर्टात. खरी असेल तर जरूर जा, व्याज सोडवून घ्यायला बरी जागा आहे.

पीएफबद्दल माझं मत ठाम आहे. ते पैसे पीएफमध्ये आहेत तोवर कोर्टालाही जप्त करता येत नाहीत. घरखर्चाला लागले तर काढा, कार्डासाठी नको.

चाकणकर_३८

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल लिहून ठेवलाय, बायकोला वाचून दाखवला, आज पाठवतो. दाजींशी बोललो, ते म्हणाले पुन्हा फोन आला तर नंबर आणि वेळ लिहून ठेवतो. एक शंका: ८५,००० चं कार्ड आणि पगाराचं खातं एकाच बँकेत आहे. घरखर्चाला पीएफ काढला तर तिथेच जमा होईल ना?

वसुलीखाते_निवृत्त

होईल, आणि बँक त्यावर लिएन टाकू शकते, म्हणजे थकबाकीपोटी ते पैसे अडवून ठेवू शकते. आधी ईपीएफओच्या पोर्टलवर केवायसीत दुसऱ्या बँकेचं खातं जोडा, ते मंजूर झालेलं दिसलं की मगच क्लेम टाका.