सोसायटीच्या ग्रुपवर डीजेविरुद्ध बोललो, आता माघार घेऊ का?

रातकिडा
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. पुण्यातली आमची सोसायटी, ११२ फ्लॅट. गेल्या आठवड्यात खजिनदारांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की यंदा विसर्जनाला डीजे आणि पाचही दिवस संध्याकाळी स्पीकर. माझे वडील ७४ वर्षांचे, बायपास झालेली, गेल्या वर्षी मिरवणूक गेटवर तासभर थांबली तेव्हा ते बाथरूममध्ये स्टूल टाकून बसले होते कारण तिथेच त्यातल्या त्यात आवाज कमी येत होता. ते डोक्यात होतं म्हणून मी लिहिलं की डीजे नको, ढोल-ताशाही मर्यादेत असावा, आणि दहानंतर स्पीकर लावणं बेकायदेशीरच आहे. झालं! "आपल्याच सणांना बरं कायदा आठवतो", "एवढा त्रास होतो तर बंगला घ्या", एकाने तर माझ्या मुलाच्या वाढदिवसाच्या पार्टीचा फोटो शोधून काढून टाकला, त्यात कोपऱ्यात स्पीकर दिसतोय. चार जणांनी पर्सनलवर "तुझं बरोबर आहे रे" लिहिलं पण ग्रुपवर चिडीचूप. बायको म्हणते सॉरी लिहून टाक आणि विषय संपव, रोज याच लोकांची तोंडं बघायची आहेत. माझं मत बदललेलं नाही पण आता मोबाईल वाजला तरी पोटात गोळा येतो. काय करू?

कलम_कसाई
आधी तुमची चूक सांगतो, राग मानू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद हे खरं, पण सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. म्हणजे "दहानंतर बेकायदेशीरच" हे सरसकट विधान टिकत नाही आणि समोरच्याला तेवढीच फट पुरते. पण सूट वेळेची आहे, आवाजाची नाही. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि डेसिबलचं गणित साधं नसतं, १० ने आकडा वाढला की तीव्रता दहापट होते. तेव्हा ग्रुपवर एवढंच लिहा की वेळेबाबत माझं चुकलं, आवाजाबाबत मी ठाम आहे. चुकलेलं वाक्य मागे घेतलं म्हणजे मत मागे घेतलं असं होत नाही.

पंचगंगा_एक्सप्रेस
भावा मी कोल्हापूरचा, मंडळाचा कार्यकर्ता, म्हणजे तुला शिव्या घालणाऱ्यांतलाच समज 😄 खरं सांगू का, तुझ्या मेसेजमध्ये कायदा आधी आला आणि वडील आलेच नाहीत. कायदा वाचला की आमच्या पोरांना वाटतं हा आता पोलिसांना फोन लावणार, मग डोकी फिरतात. आमच्या गल्लीत एका आजींनी खाली येऊन सांगितलं होतं की बाबांनो छातीत धडधडतंय, तर आम्ही त्यांच्या दारासमोर आवाज बंद करून गाडी पुढं काढली, कुणी वाद घातला नाही. आता डीजे नकोच हे तुझं मत मला पटत नाही, वर्षातनं एकदा पोरं नाचतात तर नाचू देत की. पण सॉरी बिरी अजिबात म्हणू नको, लई वाईट वाटंल नंतर.

ओवरी
मी वेगळा अनुभव सांगते. २०२२ मध्ये हेरवाड ग्रामपंचायतीचा विधवा प्रथांविरुद्धचा ठराव गाजत होता तेव्हा मी सासरच्या ग्रुपवर लिहिलं की यंदा हळदीकुंकवाला आपल्या काकूंनाही बोलवायचं. काका गेल्यापासून त्यांना कुणी बोलवत नव्हतं. मोठ्या जाऊबाईंनी असं काही झापलं की विचारू नका, दोघीतिघी ग्रुप सोडून गेल्या, मीही हट्टाला पेटले आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उत्तरं टाइप करत बसले. आठ दिवसांनी काकूंचाच फोन आला, म्हणाल्या अगं मला एकदा विचारायचंस तरी, माझं नाव घेऊन सगळे भांडतायत आणि मी नुसती वाचत बसलेय. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! मत तेच आहे हं माझं, आजही. पण मग ग्रुपवर एक अक्षर न लिहिता संक्रांतीला माझ्याच घरी बोलावलं, काकू आल्या, जाऊबाई नाही आल्या. तेव्हा तुमच्या बाबांना विचारलंत का त्यांचं नाव पुढे केलेलं चालेल का?

बखरकार
आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती याच पुण्यात. ते हटले का?

कलम_कसाई
@बखरकार अहो, ते कुठे आणि आपण कुठे. रातकिड्याची फार तर पार्किंगची जागा जाईल.

बखरकार
तुलना करत नाहीये हो. मुद्दा वेगळाच आहे. 'केसरी'त समाजसुधारणेवर टिळकांशी पटेना तेव्हा त्यांनी ते पत्र सोडलं आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं, त्याला कुणी पळ काढला म्हणत नाही. र. धों. कर्व्यांचंही तेच, संततिनियमनावरून कॉलेजातली नोकरी गेली तर 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलं. दोघांनी आपलं म्हणणं आपल्या जागी मांडलं. तेव्हा ग्रुपवर प्रत्येकाला उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नाही, म्यूट करा आणि मीटिंगमध्ये उभं राहून बोला.

रातकिडा
सगळ्यांचे आभार, आणि अपडेट देतो. बाबांना विचारलं तर म्हणाले माझं नाव कशाला, मीच येतो की मीटिंगला. आले, आणि कायद्याचं काही न बोलता बाथरूमचं सांगितलं. दहानंतरचं माझं वाक्य चुकलं होतं हेही मी तिथेच सांगून टाकलं. डीजे काही रद्द झाला नाही, मत घेतलं तर माझ्या बाजूने सात हात, त्यात पर्सनलवाल्या चौघांपैकी दोनच. मिरवणूक आमच्या विंगसमोर थांबणार नाही एवढं मात्र ठरलं, बघू पाळतात का. फोटो टाकणारे लिफ्टमध्ये भेटले तर मोबाईलमध्ये तोंड घालून उभे. वर्गणी नेहमीचीच ५०१ देऊन आलो, पावतीवर नाव बाबांचं.